परक्या देहाचा अधिकार

मनुष्य आपलें धन दुसऱ्याच्या हातीं देतांना जितकी विचारपूस करतो, तितकी आपलें शरीर दुसऱ्याच्या हातीं देतांना करीत नाहीं. पेढीवर पैसे ठेवावयाचे झाले तर तो चार शेजाऱ्यांस विचारील, व्याजाचा दर पाहील, कागद दोनदां वाचील. परंतु व्यायामशाळेंत शिरल्यावर, ज्याचे दंड भरदार आहेत अशा पहिल्याच तरुणानें 'काका, हें उचला' म्हटलें कीं तो वांकून उचलूं लागतो. आम्ही हें दुसऱ्यांविषयींच बोलत आहों असें वाचकांनीं समजूं नये. आम्हीहि एकदां असेच वांकलों होतों, आणि त्यानंतर तीन आठवडे अंथरुणावरून उठतांना आम्हांस भिंतीचा आधार घ्यावा लागत असे. त्या तरुणाचा दोष किती व आमचा किती, हा हिशेब आम्हीं तेव्हां केला नाहीं. तो करण्याचा प्रसंग पुढें आमच्या भाच्याच्या परीक्षेमुळें आला.

हा भाचा कोल्हापूरचा. लहानपणीं तालमींत जाऊन लाल मातींत लोळलेला, पुढें वाणिज्य शाखेची पदवी घेण्यासाठीं पुण्यास आमच्या घरीं येऊन राहिलेला, आणि पदवी हातीं आल्यावर हिशेबाच्या वह्यांकडे पाठ फिरवून एका जिममध्यें नोकरीस लागलेला. जिमच्या चालकानें त्याचें शरीर पाहून त्याला घेतलें, आणि वर्षाच्या आंत एखादें मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळविण्याची अट घातली. हल्लीं अशीं प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्था अनेक आहेत. त्यानें अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें १९८५ सालीं स्थापन झालेल्या 'अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज' या संस्थेची पर्सनल ट्रेनरची परीक्षा निवडली. ग्रंथ इंग्रजींत, परीक्षा इंग्रजींत. आणि आमचें आयुष्य इंग्रजी शिकविण्यांत व उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलेलें. तेव्हां रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें ग्रंथ आमच्या हातीं द्यावा, आम्हीं प्रश्न विचारावे व त्यानें उत्तरें द्यावीं, असा क्रम पडला. तो सात महिने चालला.

प्रथम आम्हांस या सर्व प्रकाराचें हंसूं येत होतें, हें कबूल केलें पाहिजे. आमची बहीण मुलाला भेटावयास आली तेव्हां तिनें त्या ग्रंथाचें वजन हातानें जोखून पाहिलें व म्हणाली, "नमस्कार घालायला कुणाचा दाखला लागतो होय रे?" तिच्या म्हणण्यांत आमच्या मनांतलाच विचार होता. ज्या प्रांतांत बाळंभटदादा देवधरांनीं दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत मल्लखांबाला नवें जीवन दिलें, जेथें अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून व पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून मुलांच्या पिढ्या घडवीत आलें, ज्या भाषेंत व्यायामावर दहा खंडांचा ज्ञानकोश बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळांत प्रसिद्ध झाला, त्या प्रांतांतील व त्या भाषेच्या मुलानें जोर-बैठकांचें ज्ञान सॅन डिएगोहून विकत आणावें, यांत आम्हांस थोडा अपमानहि वाटला. परंतु ग्रंथाचीं पानें जसजशीं उलटत गेलीं, तसतसें आमच्या लक्षांत आलें कीं या परीक्षेचा खरा विषय व्यायाम हा नाहींच. व्यायाम कसा करावा हें तिच्यांत थोडें आहे. दुसऱ्याकडून तो कसा करवून घ्यावा हें फार आहे. स्वतःच्या देहावर मनुष्याची सत्ता असतेच. परक्या देहावर ती कोणत्या आधारावर चालवावी, असा तो प्रश्न आहे, आणि तो नीतीचा प्रश्न आहे.

परीक्षेचें बाह्य स्वरूप सांगावयाचें तर ती संगणकासमोर बसून द्यावयाची असते. प्रश्न दीडशें, वेळ तीन तास. दिलेल्या पर्यायांतून एक निवडावयाचा. गुण २०० पासून ८०० पर्यंतच्या मोजपट्टीवर मांडतात व ५०० मिळाले म्हणजे विद्यार्थी उत्तीर्ण होतो. परीक्षेस बसणाऱ्याचें वय अठरा पूर्ण असावें लागतें, आणि बंद पडलेल्या हृदयाचें काम बाहेरून छाती दाबून चालू ठेवण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला त्याच्यापाशीं असावा लागतो. हें शिक्षण भाच्यानें एका वर्गांत रबरी पुतळ्यावर घेतलें, व घरीं आल्यावर सतरंजीवर उशी ठेवून आईला करून दाखविलें: मिनिटास शंभर ते एकशेंवीस दाब, प्रत्येक दाब पांच सेंटिमीटर तरी खोल, तीस दाबांमागून दोन श्वास. आमची बहीण बराच वेळ त्या उशीकडे पाहत राहिली. दाखल्याविषयीं ती त्यानंतर कांहीं बोलली नाहीं.

ग्रंथांत स्नायूंचीं नांवें, सांध्यांच्या हालचालींच्या दिशा, हृदयाचे कप्पे, श्वास रोखून वजन उचलल्यानें रक्तदाब एकाएकीं चढतो तो कां, नवशिक्याकडून पहिल्याच दिवशीं अतोनात श्रम करवून घेतल्यास स्नायु फुटून त्यांतील द्रव्यें मूत्रपिंडांस कशीं बाधतात, हें सर्व आहे. मनुष्यस्वभावाचेंहि एक प्रकरण आहे. प्रोचास्का व डिक्लेमेंटे या दोन मानसशास्त्रज्ञांनीं सवय बदलणाऱ्या माणसाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: विचारच नसणें, विचार असणें, तयारी, कृति आणि कृति टिकविणें. त्या पाठ म्हणून दाखविल्यावर, आम्ही दुसऱ्या पायरीवर सुमारें वीस वर्षें बसलेलों आहों असें भाच्यानें अत्यंत गंभीरपणें आम्हांस सांगितलें.

आपल्या भाषेंत 'अधिकार' हा शब्द मोठा मार्मिक आहे. तो सत्तेलाहि लावतात व पात्रतेलाहि. मामलेदाराचा अधिकार निराळा आणि परमार्थांतील अधिकारी पुरुषाचा निराळा. पहिला हुकमानें मिळतो, दुसरा अंगीं यावा लागतो. तालमींतल्या वस्तादापाशीं दोन्ही एकत्र असत. त्याचा दाखला म्हणजे त्याचें शरीर, त्याचे पठ्ठे, आणि पेठेंतील लोकांनीं वीस-पंचवीस वर्षें पाहिलेलें त्याचें वागणें. मुलाचा बाप कोण, आजा कशानें गेला, घरांत दूध किती येतें, हें त्याला विचारावें लागत नसे. तें त्याला ठाऊक असे. आज छापील कागदावर जे प्रश्न विचारावे लागतात, त्यांतील निम्म्यांचीं उत्तरें त्याला शेजारधर्मानेंच मिळालेलीं असत.

पण वस्तादाचें गुणगान करतांना एक गोष्ट आपण सोयिस्करपणें विसरतों. तालमींतून जे मल्ल होऊन बाहेर पडले त्यांचीं नांवें गांवाच्या स्मरणांत राहिलीं. जे चार दिवस येऊन छातींत कळ आली म्हणून किंवा गुडघा धरला म्हणून गप्प घरीं बसले, त्यांची गणती कोणीं केली? आमचा एक बालमित्र असाच बसला. 'अंगांत दम नाहीं' एवढाच शेरा त्याच्यावर पडला. त्याला दमा होता हें पुढें पुष्कळ वर्षांनीं कळलें. वस्ताद कांहीं दुष्ट नव्हता. त्या मुलावर त्याचा जीव होता. पण सर्वांस एकच माप लावणें हा त्याचा धर्म होता, आणि न जमणें म्हणजे मनाचा दुबळेपणा ही त्याची खात्री होती. त्या मुलानेंहि ती खात्री खरी मानली आणि जन्मभर स्वतःला भित्रा समजून काढला. ही दुखापत कोणत्याहि सांध्याच्या दुखापतीहून लहान नव्हती.

शहरांत तर तो शेजारधर्महि राहिलेला नाहीं. जिममध्यें येणारा कोण, कोठला, कोणत्या गोळ्या घेतो, हें शिकविणाऱ्यास ठाऊक नसतें. आणि शिकविणारा कोण हें येणाऱ्यास ठाऊक नसतें. दोन अपरिचितांमध्यें विश्वास उत्पन्न व्हावयाचा तर मध्यें कांहीं तरी तिसरें लागतें, आणि प्रमाणपत्र हें तें तिसरें होय. अमेरिकेंतहि हा धंदा करण्यास बहुतेक ठिकाणीं सरकारी परवाना लागत नाहीं. आपल्याकडे तर ज्याचे दंड मोठे तोच गुरु, आणि हल्लीं ज्याचे दंड इन्स्टाग्रामवर मोठे दिसतात तोहि. अशा स्थितींत जो तरुण आपण होऊन परीक्षेच्या चरकांत मान घालतो, त्याला हंसण्याचें आम्हीं हळूहळू सोडून दिलें.

मात्र परीक्षक म्हणून आमची जुनी खोड आम्हांस सोडीना. प्रश्नाचें उत्तर बरोबर असणें आणि उत्तर देणाऱ्यास तें समजलेलें असणें, यांतील अंतर आम्ही आयुष्यभर मोजीत आलों आहों. एके रात्रीं आम्हीं आमचेंच वय घालून विचारलें, "अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या हृदयाची कमाल गति किती?" त्यानें क्षणांत उत्तर दिलें, "२२० वजा वय. मिनिटाला १५२ ठोके." थोडें पुढें वाचतांच दुसरें सूत्र निघालें: वयाची सात-दशांश पट २०८ मधून वजा करावी. हें तनाका व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं मांडलेलें. त्याप्रमाणें तोच मनुष्य १६० ठोक्यांपर्यंत जातो. पहिलें सूत्र फॉक्स, नॉटन व हॅस्केल यांच्या १९७१ सालच्या लेखापासून रूढ झालें. दोन्ही सरासरीचीं आहेत. एकाच वयाच्या निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक इकडेतिकडे सहज पडतो. शिवाय रक्तदाबावरील कांहीं गोळ्या हृदयाची गतिच मंद करतात, व त्या घेणाऱ्यास यांपैकीं कोणतेंच सूत्र लागू पडत नाहीं. "मग खरें उत्तर कोणतें?" आम्हीं विचारलें. "जें सूत्र विचारलं असेल त्याचं," तो म्हणाला. "आणि जिममध्यें?" तो थोडा थांबला. "जिममध्यें बोलतं ठेवायचं, मामा. चालतां चालतां माणूस नीट बोलूं शकला तर ठीक. वाक्य तुटायला लागलं कीं वेग कमी करायचा." ही बोलण्याची कसोटी त्याच ग्रंथांत आहे. आम्हांस ती दोन्ही सूत्रांहून अधिक प्रामाणिक वाटली, कारण ती लावणाऱ्यास समोरच्या माणसाशीं बोलावें तरी लागतें.

त्या ग्रंथांत आम्हांस सर्वांत अधिक आवडलेलें प्रकरण म्हणजे कार्यकक्षेचें. व्यायाम शिकविणाऱ्यानें रोगाचें निदान करूं नये, दुखापतीवर उपचार करूं नये, रुग्णाच्या पथ्याचा तक्ता आंखून देऊं नये, डब्यांतल्या शक्तिवर्धक भुकट्या घ्यावयास सांगूं नये. शंका येतांच डॉक्टरांकडे, आहारतज्ज्ञाकडे, ज्याचें काम असेल त्याच्याकडे पाठवावें. एखाद्या विद्येनें आपल्या उपासकास आपलें कुंपण इतक्या स्पष्टपणें दाखवावें, ही गोष्ट आमच्या पाहण्यांत फारशी नाहीं. आम्हीं साहित्य शिकविलें. त्या विषयानें आम्हांस कधींहि सांगितलें नाहीं कीं येथून पुढें तुझें काम नाहीं. परिणाम वाचक जाणतातच.

परंतु हें प्रकरण विद्यार्थ्यांच्या हातीं पडून त्याचें काय होतें तें पाहा. भाचा व त्याचे दोन सोबती एकत्र अभ्यास करीत, आणि त्यांच्यांत एक युक्ति प्रचलित होती. प्रश्न समजला नाहीं आणि पर्यायांत 'डॉक्टरांकडे पाठवावें' असें असेल, तर डोळे मिटून त्यावर खूण करावी. बहुधा बरोबर येतें. दुसरी युक्ति अशी कीं एकहि प्रश्न रिकामा सोडूं नये, कारण चुकल्याबद्दल गुण कापीत नाहींत. म्हणजे 'हें मला ठाऊक नाहीं' असें म्हणावयास शिकविणारी विद्या, आणि 'ठाऊक नसलें तरी कांहीं तरी ठोकून दे' असें शिकविणारी परीक्षा, हीं दोन्ही एकाच मुलाच्या डोक्यांत शेजारीं शेजारीं बसलीं. वर गंमत ही, कीं अज्ञानाची कबुली हेंच जेथें बरोबर उत्तर, तेथें तेंहि तो अंदाजानेंच ठोकणार! विनय अंगीं नाहीं, पण विनयाचें उत्तर मात्र अचूक. अशा मुलाच्या हातीं कोणीं आपला देह द्यावा काय? हा प्रश्न आम्हीं भाच्यास विचारला नाहीं. मनांत मात्र तो घर करून राहिला.

परीक्षेला सहा आठवडे उरले होते. त्याच्या जिममध्यें साठीच्या पुढचे एक गृहस्थ येत. निवृत्त, सुखवस्तु, बोलके, मुलगा परदेशीं. त्यांनीं भाच्याकडे शिकण्याचे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले होते, व त्यांतील कांहीं भाग भाच्यास मिळावयाचा होता. एके सकाळीं ट्रेडमिलवर चालतां चालतां ते बोलेनासे झाले. भाच्यानें विचारलें तेव्हां म्हणाले, काल रात्रीं भजीं खाल्लीं, जळजळतें आहे. आणि हनुवटीखालून हात फिरविला. एवढेंच. भाच्यानें ट्रेडमिल हळूहळू थांबविली, त्यांना खुर्चीवर बसविलें, चालकास बोलावलें, आणि लगेच इस्पितळांत चला म्हणून धरणें धरलें. गृहस्थ हंसले, मग रागावले. चार माणसांत आपल्याला म्हातारा ठरविला याचा त्यांना विषाद वाटला. चालकालाहि तें रुचलें नाहीं. सकाळची गर्दीची वेळ, लोक पाहत होते. भाचा हटला नाहीं. शेवटीं ते गेले. रिक्षेंत भाचाहि सोबत बसला. इस्पितळांत हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलें, कांहीं तास ठेवून घेतलें. कांहीं निघालें नाहीं. पित्त होतें.

दुसऱ्या दिवशीं गृहस्थांनीं इस्पितळाचें बिल जिमच्या टेबलावर ठेवलें व उरलेले पैसे परत मागितले. ते त्यांस मिळाले. भाच्याचा वांटा गेला, आणि पुढें पंधरा दिवस त्याला नवें गिऱ्हाईक मिळालें नाहीं. "दोन पानं वाचून डॉक्टर झालास काय?" असें त्याला ऐकावें लागलें. वस्तुतः त्यानें डॉक्टर न होण्याचेंच केलें होतें. पण हा भेद गर्दीच्या वेळीं कोण पाहतो?

त्या रात्रीं ग्रंथ उघडला गेला नाहीं. "मामा, मी चुकलों का?" त्यानें विचारलें. आम्हीं उलट विचारलें, "तुला त्या वेळीं नक्की काय वाटलें?" तो म्हणाला, "खरं सांगूं? कांहींच वाटलं नाहीं. घाबरलों होतों. डोक्यांत एकच आलं: शंका आली कीं डॉक्टर."

म्हणजे ती युक्तिच! जिला आम्ही मनांतल्या मनांत हंसत होतों, ती परीक्षेची किल्ली ऐन प्रसंगीं त्याच्या हातीं आली होती. आमची आजवरची समजूत अशी कीं सद्गुण म्हणजे समजून उमजून केलेली कृति; न समजतां केलेलें चांगलें काम हा निव्वळ योगायोग. पण समज ही मोठी नाजूक वस्तु आहे. भीतीच्या क्षणीं घरांतून सर्वांत आधीं तीच पळते, आणि मागें पाठांतर तेवढें उरतें. आपण मुलांना तिन्हीसांजा रामरक्षा म्हणावयास लावतों तेव्हां तिचा अर्थ त्यांना कोठें कळत असतो? थोरांच्या पायां पडावयास शिकवितों तेव्हां आदर कोठें उत्पन्न झालेला असतो? अगोदर शब्द, मग अर्थ. आणि कित्येकदां अर्थ येण्यापूर्वींच शब्दाला कामास लागावें लागतें. परीक्षेच्या लोभानें पाठ केलेलें वाक्य माणसाच्या उपयोगी पडूं नये असा कांहीं नियम नाहीं. उत्तरपत्रिका तपासतांना 'पाठांतर' म्हणून आम्हीं ज्यांचे गुण कापले, त्या मुलांची आम्हांस त्या रात्रीं आठवण झाली.

तरी शंका राहतेच. 'संशय आला कीं वर पाठवा' हा नियम आळशी कारकुनाचाहि आहे. तो फाईल साहेबांकडे ढकलतो ती अज्ञानाच्या जाणिवेनें नव्हे, तर अंग काढून घेण्यासाठीं. अमेरिकेंतल्या ग्रंथांत या प्रकरणाच्या शेजारींच कायदेशीर जबाबदारीचें प्रकरण आहे, ही गोष्ट आमच्या नजरेंतून सुटली नव्हती. मग भाच्याचें करणें कारकुनाहून निराळें कशानें ठरतें? आम्हांस एकच खूण दिसते. कारकुनाला पाठविण्यांत कांहीं खर्च नसतो, भाच्याला पडला. गृहस्थांचा राग, चालकाची नाखुषी, बुडालेला पैसा, हें सर्व समोर दिसत असतां त्यानें तें केलें. शिवाय तो रिक्षेंत बसला. कारकून फाईलबरोबर जात नाहीं.

ही खूण सर्वत्र पुरेल असेंहि नाहीं. त्याच जिमची झाडलोट करणाऱ्या बाईंनीं एकदां त्याला पाठीचें दुखणें विचारलें. 'डॉक्टरांकडे जा' हें तिथेंहि बरोबर उत्तर. पण डॉक्टर म्हणजे बाईंचा एक दिवसाचा पगार, आणि त्या जाणार नाहींत हें दोघांनाहि ठाऊक. भाच्यानें पाय बधिर होतो का, रात्रीं झोप मोडते का, एवढें विचारलें. नाहीं म्हटल्यावर पाण्यानें भरलेली बादली कमरेंत न वांकतां गुडघ्यांतून कशी उचलावी तें चार वेळां करून दाखविलें, आणि दुखणें वाढलें तर मी स्वतः इस्पितळांत घेऊन जाईन म्हणून सांगितलें. बादली उचलावयास शिकविणें त्याच्या कक्षेंत बसतें. पाठ कां दुखते हें सांगणें बसत नाहीं. त्यानें विचारलेले दोन प्रश्न कुंपणाच्या आंत होते कीं बाहेर, हें आम्हांस आजहि सांगतां येणार नाहीं. ग्रंथांत त्या बाईंसाठीं पर्याय नव्हता.

आतां 'चुकलों का' या प्रश्नाकडे वळूं. हृदयविकार निघाला असता तर हाच मुलगा देवमाणूस ठरला असता, गृहस्थांनीं पेढे वांटले असते, चालकानें त्याचा फोटो भिंतीवर लावला असता. निघालें पित्त, म्हणून तो अतिशहाणा. पण ट्रेडमिलजवळ उभें असतांना त्याच्यापुढें होता तो एक बोलका माणूस गप्प झालेला आणि हनुवटीखालीं फिरणारा हात. पित्त व हृदय यांतील भेद ओळखण्यास डॉक्टरांनासुद्धां आलेख व रक्ततपासणी लागते. कृतीचा न्याय करावयाचा तो करतेवेळीं जें ठाऊक असणें शक्य होतें त्यावरून, मागून जें कळलें त्यावरून नव्हे, असें आम्हीं त्याला बराच वेळ समजावून सांगितलें. आमच्या बोलण्यानें त्याचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. इतक्यांत कोल्हापुराहून आईचा फोन आला. सगळी हकीकत ऐकून ती म्हणाली, "म्हणजे पित्तच होतं ना? मग बरंच झालं कीं!" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलों. गेला तासभर आम्ही त्या गृहस्थांना खरोखर हृदयविकार असता तर किती बरें झालें असतें, अशाच थाटांत बोलत होतों, हें आमच्यापैकीं कोणाच्याहि ध्यानांत आलें नव्हतें.

या परीक्षेची आणखी एक चमत्कारिक रीति आहे. दीडशें प्रश्नांपैकीं पंचवीस प्रश्नांस गुणच नसतात. पुढील परीक्षांसाठीं ते पारखून पाहावयाचे असतात म्हणून घातलेले असतात. पण कोणते पंचवीस, हें विद्यार्थ्यास कळत नाहीं. भाचा व त्याचे सोबती या रीतीवर फार चिडलेले असत: ज्याला गुण नाहींत त्यासाठीं डोकें कां शिणवावें? या निमित्तानें गीतेंतील कर्मयोगावर चार शब्द सांगण्याचा मोह आम्हांस अनेकदां झाला, परंतु मामा लोकांनीं असे मोह आंवरले पाहिजेत. पुढें एके रात्रीं, कसलासा प्रश्न चुकल्यावर, भाचाच हंसून म्हणाला, "ते भज्यांचे काका त्या पंचवीसांतले होते, मामा." त्यानंतर त्या गृहस्थांविषयीं तो कडवटपणें बोलल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

परीक्षा झाली. पांचशेंच्या वर फार नव्हे, पण वर. प्रमाणपत्र दोन वर्षांपुरतें असतें. पुढें टिकवावयाचें तर आणखी शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. आम्हीं आयुष्यांत मिळविलेल्या एकाहि पदवीला अशी मुदत नव्हती. ती असती तर बरें झालें असतें किंवा कसें, यावर आमच्या सहकाऱ्यांचें मत घेण्यांत आतां अर्थ नाहीं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशीं त्यानें आम्हांस आपलें पहिलें गिऱ्हाईक व्हावयास सांगितलें. दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर येण्यास याहून चांगला मुहूर्त नव्हता. आम्ही कबूल झालों. त्यानें एक छापील प्रश्नावली पुढें ठेवली. ती मूळची कॅनडांत तयार झालेली, सात प्रश्नांची. व्यायामास आरंभ करण्यापूर्वीं भरून घ्यावयाची. हृदयाचा विकार किंवा रक्तदाब आहे असें डॉक्टरांनीं कधीं सांगितलें आहे काय, हा पहिलाच प्रश्न. रक्तदाबाची गोळी आम्ही सहा वर्षें घेत आहों, 'होय' म्हटलें. तेव्हां त्यानें मागचीं पानें उलटलीं. तेथें आणखी प्रश्न होते. त्यांतील एक असा, कीं विश्रांतीच्या वेळीं आपला दाब १६०/९० किंवा त्याहून अधिक असतो काय?

आमचा हात थांबला. दाब शेवटचा कधीं मोजला तें आठवेना. दिवाळीच्या आधीं असावा; कोणत्या दिवाळीच्या, हें सांगवेना. 'नाहीं' लिहिलें असतें तर कोणास कळणार होतें? भाचा त्याच वेळीं चष्मा पुसत होता, आणि आम्हांस तर उद्यांपासूनच आरंभ करावयाचा होता. प्रश्नाच्या खालीं कंसांत बारीक अक्षरांत लिहिलें होतें कीं आपला दाब ठाऊक नसल्यास 'होय' असें उत्तर द्यावें. सात महिने ज्या परीक्षेचे प्रश्न आम्हीं विचारले, तिच्यांत असा कंस एकाहि प्रश्नाखालीं नव्हता.

आम्हीं 'होय'वर खूण केली. त्यानें कागद उचलून शेवटपर्यंत वाचला, घडी करून ग्रंथांत ठेवला, आणि म्हणाला, "उद्यां आधीं डॉक्टरांकडे जाऊन येऊं, मामा. मीहि येतों. तोंवर नुसतं चालायचं. बोलत बोलत."